शेवटची तारीख नसलेला ऑफ-सीझन

हे २०२१ च्या मे महिन्यात लिहितोय. गेल्या पंधरा दिवसांत मला चार पोरांचे फोन आले. चौघंही कोल्हापूरचीच, बाहेरच्या क्लबांकडून फुटबॉल खेळणारी. प्रश्नही एकच. "दादा, सीझन संपला, करार मेअखेर संपतोय, पुन्हा लॉकडाऊन लागलाय, आता काय करायचं?" प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. मी काही मोठा खेळाडू नाही. आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधल्या एका क्लबचा दुसऱ्या नंबरचा गोली, म्हणजे गोलकीपर, आहे. गेल्या वर्षीचा क्लब वेगळा, आताचा वेगळा. दोघांचीही नावं लिहीत नाही, कारण एकाकडून पैसे यायचे आहेत आणि दुसऱ्याकडून पगार चालू आहे.

१४ मार्च २०२०, शनिवार. आम्ही बाहेरगावी हॉटेलात होतो, सामना दोन दिवसांवर आला होता. गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल रिकाम्या स्टेडियममध्ये चालली होती, एटीके आणि चेन्नईयन, आणि आम्ही सगळे एका खोलीत टीव्हीसमोर. प्रेक्षक नसले की गोलीचं ओरडणं टीव्हीवरही स्पष्ट ऐकू येतं. त्याचीच चेष्टा चालली होती. त्याच दिवशी भारतीय फुटबॉल महासंघाने सगळं फुटबॉल ३१ मार्चपर्यंत थांबवल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशीची कोलकाता डर्बीसुद्धा (मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल) गेली. मॅनेजर म्हणाले, "पंधरा दिवसांचे कपडे घ्या आणि घरी जा."

मी शब्दशः पंधरा दिवसांचेच कपडे घेतले. दोन जोड ग्लोव्हज, बूट आणि माझ्या कराराची मूळ प्रत क्लबच्या खोलीतल्या ट्रंकेत राहिली. मोबाईलमध्ये कराराच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो होता, मधली बारा पानं नव्हती. पुढे त्या बारा पानांसाठी मी किती फोन केले, ते येईलच. आता करारावर सही झाली की त्याच दिवशी सगळी पानं स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करून ठेवतो.

पुण्यापर्यंत विमान, तिथून रात्रीची ट्रॅव्हल्स. १७ तारखेला सकाळी शिवाजी पेठेत पोचलो. किणी टोल नाक्यावर त्या रात्री अजून कुणी काही विचारत नव्हतं. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देश बंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑफ-सीझन म्हणजे सुट्टी नव्हे. नेहमीच्या वर्षी सहा-आठ आठवडे मिळतात. पहिले दोन आठवडे आराम, मग हळूहळू पळणं, मग ताकदीचा व्यायाम, शेवटी बॉल. फिटनेस कोच एक तक्ता पाठवतो. त्याच्या शेवटच्या रकान्यात 'रिपोर्टिंग' लिहिलेलं असतं आणि पुढे क्लबमध्ये हजर व्हायची तारीख. सगळी गाडी त्या तारखेपासून मागे मोजून चालते. २८ मार्चला आम्हाला जो तक्ता आला, त्यात तो रकाना रिकामा होता.

आमचं घर दोन खोल्यांचं. वर चार घरांत मिळून एक गच्ची, तीही पाण्याच्या टाक्यांनी अर्धी भरलेली. खडूने फरशीवर शिडी आखली, पायांची कामं तिच्यावर. भिंतीवर टेनिस बॉल मारून दोन्ही हातांनी आळीपाळीने पकडायचा, रोज तीनशे. खालच्या मजल्यावरच्या आज्जींनी तिसऱ्या दिवशी वर येऊन सांगितलं, "बाळा, तुझं खरं हाय, पण दुपारी दोन ते चार आमचं डोळं लागत्यात." तेव्हापासून वेळ ठरली, सकाळी सहा ते साडेसात.

एकट्याने गोली होता येत नाही. पळणारा एकटा पळू शकतो, स्ट्रायकर भिंतीवर मारू शकतो, गोलीला मात्र समोर मारणारा माणूस लागतो. माझी धाकटी बहीण बारावीचे पेपर देऊन घरात बसली होती. म्हणाली, "मी मारतो की! त्यात काय हाय एवढं?" पहिल्या आठवड्यात चार बॉल रस्त्यावर गेले आणि एक शेजारच्या घराच्या पत्र्यावर. महिन्याभरात ती डाव्या पायानेही मारायला लागली. आईच्या दोन जुन्या गाद्या वर नेल्या होत्या, डाइव्ह मारायला. एकीचा कापूस बाहेर आला त्या दिवशी घरात काय झालं, ते लिहीत नाही.

सकाळी दूध टाकायला जायचो, ते आता सांगतो, कारण तेही ऑफ-सीझनमध्येच मोडतं. वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. एप्रिलमध्ये कारखाना बंद, पगार अर्धा. माझा मार्चचा पगार आलेला नव्हता. ओळखीच्या एका दूध वितरकाला माणूस हवा होता. पहाटे साडेतीन ते सहा टेम्पोत क्रेट चढवायचे-उतरवायचे, दिवसाला ३५० रुपये. अत्यावश्यक सेवेचा पास मिळाला, हा वरचा फायदा. एक क्रेट दहा-बारा किलोचा. पहिल्या दिवशी कंबर धरली, कारण मी पाठीतून उचलत होतो. दुसऱ्या दिवसापासून जिममध्ये डेडलिफ्ट मारतात तसं गुडघ्यात वाकून उचलायला लागलो. टेम्पोवाला मामा म्हणाला, "बॉलवाल्या, क्रेट हाय त्यो, पोरगी न्हवं, उचल पटाक्‌दिशी!" पेठेतल्या काही लोकांना मी दूध टाकताना दिसलो आणि 'बाहेरच्या क्लबातनं काढला वाटतं' अशी चर्चा झाली. वाईट वाटलं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये खेळला तेव्हापासून आपल्याकडे असा समज आहे की पोरगं बाहेर गेलं म्हणजे आयुष्य सेट झालं. माझा करार महिन्याला ४५,००० चा होता, तोही दहा महिन्यांचा. त्यातून टीडीएस कापून हातात ४०,५००.

१८ एप्रिलला लीग समितीची बैठक झाली. उरलेले २८ सामने रद्द, मोहन बागान विजेता, खालच्या लीगमध्ये कुणी जाणार नाही. बागानने १० मार्चलाच विजेतेपद पक्कं केलं होतं, त्यामुळे त्यावर वाद नव्हता. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की सामने आता होणार नाहीत, आणि क्लबला आमची गरज उरलेली नाही.

इथून कागदांचा सीझन सुरू झाला.

६ मेला क्लबचा ईमेल आला. मार्च पूर्ण देऊ, एप्रिल आणि मे अर्धा देऊ, सोबतच्या पत्रावर सही करून दोन दिवसांत पाठवा. मी सही करणारच होतो. वडील म्हणाले, एकदा वकीलकाकांना दाखव. हे वडिलांचे तालमीतले जुने दोस्त, कोर्टात वकिली करतात. मास्क लावून त्यांच्या दारातच उभा राहिलो, त्यांनी उंबऱ्याच्या आतून पत्र वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'या तारखेनंतर खेळाडूची क्लबकडे कोणतीही थकबाकी राहणार नाही.' म्हणजे पैसे मिळायच्या आधीच मी मिळाले म्हणून लिहून देणार होतो.

"घाई त्यास्नी हाय. तुला कसली?" काका म्हणाले. "करार आण बघू सगळा."

करार ट्रंकेत. क्लबकडे प्रत मागितली. आज देतो, उद्या देतो, ऑफिस बंद आहे, स्कॅनर ऑफिसात आहे. १९ दिवस गेले. प्रत २५ मेला आली, आणि ती आली म्हणूनच पुढचं सगळं वाचलं. काकांनी त्यात मुदत कधी संपते ते पाहिलं: ३१ मे. मुदतवाढीचं कलम पाहिलं: क्लबला वाटलं तर आणखी एक वर्ष, पण तसं ३१ मेच्या आत लेखी कळवलं पाहिजे. नोटीस कशी द्यायची ते पाहिलं: ईमेल चालतो. ही तीन कलमं स्वतःच्या करारात शोधून ठेवा. मी सही केली तेव्हा फक्त रकमेचं पान वाचलं होतं.

फिफाने ७ एप्रिलला मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. करार सीझन खरोखर संपेपर्यंत वाढवावेत आणि पगाराबाबत क्लब आणि खेळाडूंनी एकत्र बसून मार्ग काढावा, असा त्यांचा रोख होता. काकांनी त्यांचाच आधार घेऊन उत्तर लिहून दिलं, अगदी नरम भाषेत. अर्ध्या पगाराला माझी तयारी आहे, पण थकबाकीची ओळ काढा आणि प्रत्येक हप्त्याची तारीख लिहा. मार्च १० जूनपर्यंत, एप्रिल ३० जूनपर्यंत, मे ३१ जुलैपर्यंत. क्लबने चार दिवसांत मान्य केलं. मला वाटलं होतं भांडण होईल. माझ्याबरोबरच्या तिघांनी मूळ पत्रावरच सह्या केल्या होत्या.

१ जूनला सकाळी मी आणखी एक ईमेल टाकला. मुदतवाढीबाबत काही कळवलेलं नाही, त्यामुळे आजपासून मी मोकळा आहे असं समजतो, अशी दोन वाक्यं. उत्तर आलं नाही. ते न येणंच हवं होतं. आणि पाठवा दाबल्यावर पोटात खड्डा पडला. चोवीस वर्षांचा, बिनक्लबचा गोली, आणि पुढचा सीझन कधी हे देशात कुणालाच माहीत नाही. वडिलांनी त्या रात्री जेवताना एकदाच विचारलं, "फुडच्या वर्षी हाय न्हवं तुमचं?" मी "हाय" म्हणालो.

जूनमध्ये राज्याने 'मिशन बिगिन अगेन' म्हणत पहाटे पाच ते संध्याकाळी सात मैदानावर पळायला, चालायला परवानगी दिली, गट करायचा नाही या अटीवर. शाहू स्टेडियमला कुलूप होतं. एप्रिल-मे म्हणजे तिथे गॅलरी फुल्ल, पेठापेठांतली ईर्ष्या, हलगी. त्या वर्षी बाहेरच्या गेटजवळ गवत वाढलेलं. मी गांधी मैदानाच्या कडेने पळायचो. अडीच महिन्यांनी सरळ रेषेत शंभर मीटर पळालो, तर तिसऱ्या फेरीला पोटऱ्या भरल्या. गच्चीवर कितीही नाचलात तरी पळणं वेगळंच.

शेजारी एक जुने पैलवान राहतात, सत्तरीचे. त्यांची तालीम बंद, हात शिवशिवत होते. त्यांनी मला बोलावून जोर आणि सपाट्या घालायला लावल्या, आणि अंगणात करेल, म्हणजे व्यायामाचा लाकडी मुद्गल, फिरवायला दिली. फिटनेस कोचच्या तक्त्यात मनगटासाठी रबर बँड लिहिला होता. करेलीने दोन आठवड्यांत जे केलं ते बँडने दोन वर्षांत केलं नव्हतं, हे मी कोचला सांगितलेलं नाही.

जुलैत मामाच्या गावी गेलो, पन्हाळ्याच्या बाजूला. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असल्याने पास लागला नाही. भाताची रोप लावण चालली होती. चिखलणी झालेलं रान म्हणजे घोट्याच्या वर मऊ गाळ. मामाला म्हणालो, लावण व्हायच्या आधी अर्धा तास मला द्या. मामेभाऊ बांधावरून बॉल फेकायचा आणि मी चिखलात डाव्या-उजव्या बाजूला झेपावायचो. मार्चनंतर पहिल्यांदा अंग न चोरता उडी मारली. लावणीला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "ह्येला शेरात पगार देत्यात व्हय?" चिखलाने भिजलेले ग्लोव्हज लगेच कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवावे लागतात. उन्हात टाकले की लॅटेक्स कडक होऊन तडकतं. माझ्याकडे एकच जोड होता आणि नवा चांगला जोड चार हजारांचा, म्हणून हे जिवापाड जपलं.

जुलैतच जिल्ह्यात पुन्हा सात दिवसांचा कडक लॉकडाऊन झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, आणि २०१९ चा पूर आठवून पेठेत सगळे रात्ररात्र जागे. फुटबॉल बाजूला राहिलं. ट्रंक मात्र त्याच महिन्यात कुरिअरने आली, वाहतुकीचे १,१५० रुपये माझेच. आतल्या ग्लोव्हजला बुरशी.

ऑगस्टमधलं एक काम फार उपयोगी पडलं, ते म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न. क्लब आपल्याला पगारदार म्हणून नाही, तर व्यावसायिक फी म्हणून पैसे देतो आणि दहा टक्के टीडीएस कापतो. फेब्रुवारीपर्यंतच्या सात महिन्यांचे माझे ३१,५०० कापले होते. वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत, म्हणजे तेव्हाच्या नियमाने कर शून्य. आमच्यातल्या अर्ध्या पोरांनी कधी रिटर्न भरलेलंच नाही, ते पैसे सोडूनच देतात. २६एएस नावाचा कागद पोर्टलवर मिळतो, त्यात क्लबने कापलेले पैसे खरंच भरलेत का ते दिसतं. एका कर सल्लागाराने ५०० रुपयांत भरून दिलं.

१ ऑगस्टला खेळाडू नोंदणीची विंडो, म्हणजे नव्या क्लबकडे नाव नोंदवायची मुदत, उघडली होती. नेहमी ती जूनमध्ये उघडते, त्या वर्षी पुढे ढकलून १ ऑगस्ट ते २० ऑक्टोबर. मी ओळखीच्या प्रत्येक कोचला मेसेज टाकले. व्हिडिओ मागितले तर पाठवायला फक्त जुन्या सामन्यांचे तुकडे आणि गच्चीवरचं फुटेज. ऑगस्टच्या शेवटी एका क्लबच्या गोलकीपर कोचचा फोन आला. तिसऱ्या नंबरचा गोली हवा होता, महिना ३५,०००. पगार कमी, नंबर खाली. मी हो म्हणालो. बोलणी चालू झाली, आणि ७ सप्टेंबरला मला ताप आला.

पहिले दोन दिवस पावसात भिजल्याचा ताप समजलो. ९ ला सकाळी ग्लोव्हज घालताना लक्षात आलं, वास येत नाहीये. गोलीच्या वापरलेल्या ग्लोव्हजचा वास ज्याला येत नाही, त्याला काहीतरी नक्की झालेलं असतं. सरकारी केंद्रावर स्वॅब मोफत दिला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॉझिटिव्ह. कोल्हापुरात तेव्हा साथ अगदी भरात होती, बेडसाठी लोक रात्रभर फोन करत होते. घरी वेगळी खोली आणि वेगळं संडास-बाथरूम असेल तरच घरी राहता येत होतं. आमच्याकडे दोन्ही नाही. म्हणून एका वसतिगृहातल्या कोविड केंद्रात गेलो. जेवण, औषधं मोफत. ऑक्सिमीटर स्वतःचा नेला, १,९०० रुपये. वॉर्डात आम्ही सहा जण. त्यातल्या एका गुऱ्हाळमालकाला माझं काम कळल्यावर तो रोज विचारायचा, "मग, आज किती गोल खाल्लं?"

नव्या क्लबला सांगायचं की नाही? करार झालेला नव्हता. दोन रात्री याच विचारात गेल्या. फोनवर एका सीनियर खेळाडूने सांगितलं, गप्प बस, बरा झाल्यावर जा, कुणाला कळतंय. बहिणीला विचारलं तर म्हणाली, "आणि पळताना छातीत दुखाय लागलं तर कुणाला सांगणार हाईस मग?" मी ईमेल लिहिला. दीड दिवस उत्तर नाही. तो दीड दिवस तापापेक्षा वाईट होता. मग क्लबच्या डॉक्टरांचं उत्तर आलं: पूर्ण बरा हो, आधी व्यायाम सुरू करू नकोस, नंतर ईसीजी आणि टूडी एको करून पाठव.

१७ सप्टेंबरला केंद्रातून सुटलो, पुढचे सात दिवस मामेभावाच्या रिकाम्या खोलीत. २५ ला तपासण्या: ईसीजी २५०, एको १,८००, रक्त १,४००. सगळं नीट. २९ ला खात्यात टॅक्सचा परतावा जमा झाला, ३१,५०० आणि वर थोडं व्याज. एवढ्या आनंदाने मी कधी बँकेचा मेसेज वाचला नव्हता.

पण शरीर आपलं राहिलं नव्हतं. सकाळी उठल्यावरची नाडी आधी ५४ असायची, आता ७१. पहिला आठवडा फक्त रंकाळ्यावर चालणं. दुसऱ्या आठवड्यात चालत-पळत. डॉक्टरांचा नियम सोपा होता, दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी चढलेली दिसली तर त्या दिवशी सुट्टी. मी हट्टाने एकदा मोडला आणि तीन दिवस झोपून काढले. ज्यांना आता होऊन गेलाय त्यांना हात जोडून सांगतो, पहिले पंधरा दिवस हिरोगिरी नको.

तोवर ऑक्टोबर निम्मा आला. करार १५ ला ईमेलवर आला, चौदा पानं. वकीलकाकांनी या वेळी आत बसवून वाचला. प्रत्येक पानावर सही, झेरॉक्स सेंटरवर स्कॅन, पानाला पाच रुपये. १६ ला पाठवला. महासंघाच्या नोंदणी प्रणालीत मात्र घोडं अडलं. माझ्या खात्याला ईमेल म्हणून जुन्या क्लबच्या मॅनेजरचा पत्ता टाकलेला होता. पडताळणीची लिंक त्याच्याकडे जाणार, आणि तो तर नोकरी सोडून गावी गेलेला. त्याचा नंबर शोधायला एक दिवस, त्याला पासवर्ड आठवायला दुसरा. माणूस चांगला, त्याने लिंक पुढे पाठवली. १९ ऑक्टोबरला संध्याकाळी नोंदणी मंजूर झाली. विंडो दुसऱ्या दिवशी बंद होत होती. तुमच्या खात्याला कुणाचा ईमेल जोडलाय ते आजच बघा.

दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, जिम उघडल्या. नोव्हेंबर मजेत गेला. टर्फवर रात्रीचे सामने सुरू झाले, एका सामन्याचे तीन हजार द्यायला लोक तयार. करारात दुसरीकडे खेळायचं नाही हे कलम होतं, आणि गोलीचं एक बोट मोडलं की सीझन गेला. नाही म्हणालो. दोन-तीन मित्र अजून रुसलेत.

क्लबने खर्च वाचवायला सगळ्यांना थेट कोलकात्यात बोलावलं. आय-लीगचे अकराही संघ एकाच ठिकाणी, बाहेर जायचं नाही, असा तो बबल. निघण्याआधी आरटीपीसीआर. राज्याने ठरवलेला दर जूनमध्ये २,२०० होता, तो उतरत ९८० वर आलेला. रिपोर्ट तेव्हा बहात्तर तासांच्या आतला लागायचा, म्हणून विमानाच्या वेळेपासून मागे मोजून स्वॅब दिला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, हैदराबाद, तिथून कोलकाता. मधली सीट आली, त्यामुळे मास्क आणि शील्डच्या वर एक पांढरा गाऊनही. सोडायला आलेल्या आईने पिशवीत कांदा-लसूण चटणी आणि गूळ-शेंगदाणे कोंबले होते. हॉटेलच्या खोलीत सात दिवस एकट्याने काढताना त्या चटणीने जेवढं काम केलं तेवढं वायफायने केलं नाही. डबा दाराबाहेर ठेवून बेल मारून निघून जायचे. तीनदा स्वॅब. माझ्यासाठी नवं काहीच नव्हतं. चार भिंतींत पाय कसे हलवायचे ते गच्चीने शिकवलं होतं.

आठव्या दिवशी मैदान. नऊ महिन्यांनी गवतावर डाइव्ह मारली. चिखलापेक्षा फारच टणक लागलं, डाव्या खांद्यावर निळा डाग पडला. पहिल्या आठवड्यात दोघांचे हॅमस्ट्रिंग गेले, दोघंही महिनोन्‌महिने फक्त झूमवर व्यायाम केलेले.

९ जानेवारीला लीग सुरू झाली, सॉल्ट लेक आणि कल्याणीच्या रिकाम्या स्टॅंडसमोर. पाच बदली खेळाडूंचा नवा नियम सगळ्यांना आवडला. आम्हा बदली गोलींना त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसऱ्या नंबरच्या गोलीचा अंगठा दुखावला आणि मी एक नंबर वर सरकलो. तीन सामने खेळलो, चार गोल खाल्ले. गुऱ्हाळमालकाला आकडा कळवला आहे. २७ मार्चला गोकुलम केरळ चॅम्पियन झालं आणि मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो. गच्चीवरचा खडू पावसाने पुसला होता, बहिणीने नवा आणून ठेवलाय.

जुन्या क्लबचे मार्च आणि एप्रिलचे पैसे ठरल्या तारखांना आले. मेचे अर्धे, टीडीएस (तेव्हा तात्पुरता साडेसात टक्के केलेला) वजा जाता २०,८०० च्या आसपास, ३१ जुलै २०२० ला यायचे होते ते आलेले नाहीत. महासंघाच्या खेळाडू-दर्जा समितीकडे दाद मागता येते, पण त्यासाठी आपण वेळोवेळी मागणी केल्याचा लेखी पुरावा हवा, असं वकीलकाका म्हणाले. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी नम्र भाषेत एक ईमेल टाकतो, आधीचे सगळे खाली जोडून. आज १ मे. दहावा सकाळीच पाठवला.